बाबांचा कॉम्प्युटर, तो खोटा सपोर्टवाला आणि विश्रामबागचं रिपेअरिंगचं दुकान

हा रिव्ह्यू लांब होणार आहे, आधीच सांगते. आहे दुकानाचाच, पण नुसतं "सर्व्हिस चांगली, रेट वाजवी" लिहून भागणार नाही, कारण आमच्याकडे काय झालं होतं ते कळल्याशिवाय त्या माणसाने काय केलं ते कळणार नाही.

आईबाबा सांगलीत असतात, मी पुण्यात. बाबा ७२ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले. घरात एक जुना डेस्कटॉप आहे, त्याच्यावर ते पेपर वाचतात, नातवाचे फोटो बघतात आणि गेली चार वर्षं आमच्या घराण्याची वंशावळ टाइप करतायत, सात पिढ्या झाल्यात. ही वंशावळ लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच आलंय.

दिवाळीनंतरचा मंगळवार होता. भावकीतल्या वाटणीच्या कामासाठी त्यांना सातबारा काढायचा होता, तर त्यांनी सर्चमध्ये सातबारा डाउनलोड असं टाकलं आणि सगळ्यात वर जी लिंक आली ती दाबली. ती सरकारची साइट नव्हती, जाहिरात होती. दोन क्लिक झाले आणि अख्खा स्क्रीन निळा, मध्ये लाल चौकट, मायक्रोसॉफ्टचा लोगो, भोंग्यासारखा आवाज आणि एक बाई इंग्लिशमध्ये सारखं तेच तेच बोलतेय की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आलाय, बंद करू नका, बंद केला तर डेटा जाईल, या नंबरवर फोन करा. वर कोपऱ्यात बंद करायची फुलीच नाही, माउसचा बाण दिसेना. आई म्हणाली बटण बंद करा, पण बाबांनी केलं नाही. डेटा जाईल म्हणजे वंशावळ जाईल, एवढंच त्यांच्या डोक्यात.

त्यांनी फोन केला. तिकडचा माणूस हिंदीत बोलत होता, वाक्यावाक्याला सर, अगदी सभ्य. त्याने सांगितलं विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग एक स्पेलिंग सांगून टाइप करायला लावलं, एक खिडकी उघडली आणि त्यात लाल फुल्या आणि पिवळे त्रिकोण, खाली खाली जावं तर संपतच नाहीत. "सर, हे सगळे एरर आहेत, चौदाशेच्या वर आहेत, हॅकर आत आहे." मग रिमोटचं, म्हणजे लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं ॲप घ्यायला लावलं, नऊ आकडी नंबर विचारला, बाबांनी सांगितला आणि बाण आपोआप फिरायला लागला. पुढे लाइफटाइम सिक्युरिटीचे ४,९९९ रुपये नेटबँकिंगने भरा, भरताना स्क्रीन काळा होईल घाबरू नका स्कॅन चालू आहे, मोबाइलवर व्हेरिफिकेशन कोड येईल तो वाचून दाखवा.

तीन वेळा कोड आला, तीन वेळा बाबांनी वाचून दाखवला. ४,९९९, मग २५,०००, मग ४९,०००. चौथ्या वेळी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, आकडे कुणाला सांगताय तुम्ही?" आणि उत्तराची वाट न बघता तिने वायफायच्या डब्याची पिन भिंतीतून उपसून काढली. माझी आई आठवी शिकलीये. त्या घरात त्या दिवशी तेवढं एकच काम बरोबर झालं आणि ते तिने केलं.

मला फोन आला तेव्हा साडेतीन वाजले होते. बाबा बोलत नव्हते. आई म्हणाली नुसते खुर्चीत बसलेत बंद स्क्रीनकडे बघत. मी आधी १९३० लावला, बाबांना कॉन्फरन्सवर घेतलं. हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर, आधी १५५२६० होता. तिथे फोन घेणाऱ्या बाईंनी नाव, मोबाइल नंबर, बँक, खाते नंबर, प्रत्येक व्यवहाराची रक्कम, वेळ आणि ट्रान्झॅक्शन आयडी विचारला, बाबांचा आवाज थरथरत होता तर त्या थांबून थांबून विचारत होत्या, घाई केली नाही. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे पळवतात आणि तक्रार जितक्या लवकर तितके ते वाटेत अडवता येतात. आमचे पहिले दोन गेले, शेवटच्या ४९ हजारांतले ४६,२०० एका बँकेत होल्ड झाले. ते परत मिळायला तेव्हा कोर्टाची ऑर्डर लागत होती, अर्ज केलाय. मेसेजवर तक्रारीचा नंबर येतो, त्यानंतर २४ तासांच्या आत सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर जाऊन सगळी माहिती भरायची असते, हे लोक विसरतात, विसरू नका.

बँकेचं नाव लिहीत नाही. तिथल्या साहेबांनी बाबांना सगळ्यांसमोर विचारलं, "ओटीपी तुम्हीच दिला ना?" बाबा हो म्हणाले आणि मान खाली घातली. नियमाने ते साहेब चुकीचं बोलत नव्हते, रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, ग्राहकाच्या हलगर्जीपणाने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून तर कळवल्याची वेळ लेखी घ्यायची. पण ७२ वर्षांच्या माणसाला हे रांगेतल्या दहा लोकांपुढे ऐकवायची गरज नव्हती. आणि एक, खात्यातला बॅलन्स बघून गप्प बसू नका, एफडी ऑनलाइन मोडली नाही ना तेही बघा, माझ्या डोक्यात ते दुसऱ्या दिवशी आलं. आमची शाबूत होती.

आता दुकान. बाबांचा कॉम्प्युटर आधी ज्यांच्याकडे जायचा त्यांना फोन केला तर ते ऐकूनही न घेता म्हणाले, "फॉरमॅट मारून देतो मॅडम, पंधराशे, आणि नवीन अँटीव्हायरस टाकतो." फॉरमॅट म्हणजे मशीन पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकणं. दरवर्षी त्यांचं हेच असायचं. माझी शाळेतली मैत्रीण म्हणाली तिकडे नको, सांगलीतच विश्रामबागला एक दादा आहेत, त्यांच्याकडे जा. दुकानाचं नाव मी इथे टाकत नाही कारण दादांनीच सांगितलं की टाकू नका, दोघंच आहोत, गर्दी झाली की कुणालाच धड वेळ देता येत नाही.

तोवर मी सांगलीला पोचले होते. बुधवारी दुपारी सीपीयू टॉवेलात गुंडाळून बाबा आणि मी वर गेलो, पहिला मजला आहे, जिना अरुंद. दुकान म्हणजे बारा बाय दहाची खोली, दोन टेबलं, भिंतीला कॅबिनेटांची थप्पी, सोल्डरिंगचा वास. दादा पन्नाशीचे असतील. त्यांनी सीपीयूला हात लावायच्या आधी बाबांना विचारलं, "काका, पैसे गेलेत का? १९३० ला कळवलं का? बँकेचा पासवर्ड बदलला का, आणि कुठल्या मशीनवरून बदलला?" मग म्हणाले, "मोबाइल दाखवा आधी." माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की त्या माणसाने मोबाइलमध्येही काही टाकायला लावलं असेल. लावलं होतं. मेसेज वाचणारं एक ॲप होतं, म्हणजे पुढचा ओटीपी बाबांनी वाचून दाखवायचीही गरज राहिली नसती. दादांच्या हाताखाली एक मुलगी आहे, आयटीआय केलेली, तिने फोन फ्लाइट मोडवर टाकून ते ॲप काढलं, मग कुठल्या ॲपला कसली परवानगी आहे ते एकेक करून बघितलं आणि कॉल दुसरीकडे वळवले नाहीत ना तेही तपासलं. स्टार हॅश २१ हॅश डायल केलं की कॉल फॉरवर्ड चालू आहे का ते दिसतं, बंद करायला हॅश हॅश ००२ हॅश.

मग दादांनी जे केलं त्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

त्यांनी आपली खुर्ची बाजूला केली आणि बाबांना म्हणाले, "काका, इथं बसा. माउस तुम्ही धरा." बाबा नको म्हणाले. कालपासून त्यांनी माउसला हात लावला नव्हता. दादा म्हणाले हा तुमचा नाही, माझा बिलिंगचा कॉम्प्युटर आहे, बिघडला तर माझा बिघडेल. बाबा बसले. "आता त्यानं तुम्हाला जे दाबायला सांगितलं तेच दाबा, विंडोज आणि आर." बाबांच्या खिशात डायरी होती, त्यात त्यांनी फोनवर बोलताना सगळं लिहून घेतलं होतं, ऑफिसची सवय, तारीख, वेळ, त्या माणसाने सांगितलेलं नाव आणि एम्प्लॉयी आयडीसुद्धा, ठसठशीत अक्षरात, खाली लाल पेनाने रेघ मारून. त्या डायरीतलं स्पेलिंग बघून त्यांनी एका बोटाने टाइप केलं. खिडकी उघडली. लाल फुल्या, पिवळे त्रिकोण, खाली खाली जावं तर संपत नाहीत.

बाबा बघतच राहिले. दादा म्हणाले, "ह्याच्यात मागच्या आठवड्यात नवीन विंडोज टाकलंय मी. व्हायरस नाही काही नाही. तरी बघा किती." ह्याला इव्हेंट व्ह्यूअर म्हणतात, मशीनची रोजची नोंदवही आहे, प्रिंटर बंद होता, अपडेट उशिरा आलं, कुठलीतरी सर्व्हिस सुरू व्हायला दोन सेकंद जास्त लागले, सगळं त्यात उतरतं, काहींवर लाल फुली पडते आणि मशीन मजेत चालत राहतं. बाबांनी आठ-दहा नोंदी उघडून वाचल्या. मग विचारलं, "म्हणजे त्यानं दाखवलं ते खोटं नव्हतं?"

"खोटं नव्हतं काका. त्यानं अर्थ खोटा सांगितला."

बाबा काही बोलले नाहीत पण खुर्चीत जरा सरळ बसले, ते मी बघितलं. मी आदल्या दिवसापासून त्यांना फोनवर दहा वेळा म्हणाले होते की बाबा जाऊ द्या, होतं असं, पण त्याने काही झालं नव्हतं. त्यांना हे कळायला हवं होतं की आपण वेडे नाही, समोर खरंच काहीतरी दिसलं होतं आणि त्यावर आपण विश्वास ठेवला.

त्यानंतर दादांनी एक व्हिडिओ फुल स्क्रीन केला आणि म्हणाले कालचं पान म्हणजे एवढंच होतं, एक वेबपेज, पूर्ण स्क्रीनभर पसरवलेलं, आतमध्ये काही शिरलेलं नव्हतं, तुम्ही फोन करेपर्यंत तुमचा कॉम्प्युटर ठणठणीत होता. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, नंबर दिसला की समजायचं पान खोटं. मग बाबांकडून प्रॅक्टिस करून घेतली, एस्केप दाबून धरा, नाही गेलं तर आल्ट आणि एफ४, तरी नाही गेलं तर कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, आणि काहीच सुचेना तर पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा. पाच वेळा करायला लावलं. बाबांनी विचारलं, असं बटण दाबून बंद केलं तर वंशावळ जाईल का? दादा म्हणाले सेव्ह केलेली फाइल डिस्कवर असते, बटण दाबल्याने ती कशाला जाईल, फार तर शेवटच्या सेव्हनंतरच्या चार ओळी जातील. हे जर त्यांना कुणी आधी सांगितलं असतं. मीच सांगायला हवं होतं, मी आयटीत काम करते.

व्हायरस शब्दाची बाबांची भीती उगाच नाही. त्यांच्या ऑफिसात पहिला पीसी आला तेव्हा त्याला एसी खोली होती, चपला बाहेर काढून आत जायचं. आणि २६ एप्रिल १९९९ ला चेर्नोबिल नावाचा व्हायरस जगभर फुटला, सीआयएचही म्हणतात त्याला, तो हार्डडिस्क पुसायचा आणि मदरबोर्डवरचा बायोस, म्हणजे मशीन सुरू करून देणारा प्रोग्राम, तोही खराब करायचा. त्यांच्या ऑफिसातली मशीन त्या दिवशी गेली आणि कालव्याच्या पाणीपट्टीच्या याद्या पुन्हा हाताने कराव्या लागल्या. तेव्हा व्हायरस म्हणजे हे असं होतं. तोच शब्द घेऊन आता कुणीतरी फोनवर बसलंय.

आता अँटीव्हायरसबद्दल, कारण बरेच जण हेच विचारतील. बाबांच्या मशीनमध्ये एक सोडून दोन विकतचे अँटीव्हायरस होते, आधीच्या दुकानाने एक संपायच्या आत दुसरा टाकला होता. दोन्ही चालू असून त्या मंगळवारी दोघांनीही चकार शब्द काढला नाही. मी जरा चिडूनच विचारलं की मग पैसे कशाचे घेतात हे? दादांनी शांतपणे सांगितलं, की ते पान व्हायरस नव्हतं, आणि रिमोटचं ॲप तर चांगल्या कंपनीचं, आम्हीसुद्धा गिऱ्हाइकाला मदत करायला वापरतो, ते काकांनी स्वतःच्या हाताने घेतलं आणि नंबर स्वतः सांगितला, अँटीव्हायरस कुठे आडवा येणार त्यात. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच एनीडेस्कसारख्या रिमोटच्या ॲपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. फसवणूक माणसाची होते, मशीनची नाही. काही अँटीव्हायरस वेब प्रोटेक्शनमध्ये अशी पानं अडवतात, पण ही पानं रोज नवीन पत्त्यावर येतात त्यामुळे भरवसा धरता येत नाही.

ह्या धंद्यातला माणूस अँटीव्हायरसला नावं ठेवेल असं वाटलं होतं, तर तसं नाही. उलट त्यांनी क्विक हीलची गोष्ट अभिमानाने सांगितली, की पुण्यात कैलास आणि संजय काटकर हे दोघं भाऊ, थोरल्याचं काम कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरू झालं, मग कॉम्प्युटर दुरुस्ती, गिऱ्हाइकांच्या मशीन व्हायरसने भरून यायच्या म्हणून धाकट्याने त्या साफ करायचे प्रोग्राम लिहिले आणि त्यातून १९९५ मध्ये अँटीव्हायरस आला. "आमच्यासारखंच दुकान होतं की ओ ते," असं म्हणाले. फ्लॉपी आणि पेनड्राइव्हच्या काळात त्या डब्याने खूप मशीन वाचवल्या. पण आज बाबांच्या वापराला, म्हणजे पेपर, फोटो आणि टायपिंग, विंडोजमध्ये जो फुकट येतो तो पुरतो असं त्यांचं मत. "अँटीव्हायरस विकला तर मला दोन पैसे सुटतात काका, तरी सांगतो, नका घेऊ. आणि घ्यायचाच तर एक घ्या, दोन एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि मशीन हँग होते."

त्याऐवजी त्यांनी जे केलं ते सांगते. ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाकलं, कारण सगळी सुरुवात त्या जाहिरातीपासून झाली. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडली तर तीस-पस्तीस साइट निघाल्या, बाबांनी कधीतरी अलाऊ दाबलेल्या. उजव्या कोपऱ्यात "तुमचा अँटीव्हायरस संपला" म्हणून जे सारखं यायचं ते तिथून येत होतं. बाबा दोन वर्षं ते खरं समजत होते आणि दर वेळी आधीच्या दुकानाला फोन करत होते! सगळ्या काढून टाकल्या. रोजच्या वापराला वेगळं साधं अकाउंट केलं, त्यातून काही इन्स्टॉल करायचं झालं तर पासवर्ड मागतं आणि तो पासवर्ड आईकडे आहे. सातबाऱ्याच्या महाभूलेखच्या खऱ्या साइटचा बुकमार्क करून दिला.

फॉरमॅट मारायचा की नाही, ह्यावर पण ते स्पष्ट बोलले. रिमोटचं ॲप काढलं तेव्हा खाली अजून एक निघालं, दुसऱ्याच नावाने लपवलेलं, मशीन चालू झाली की आपोआप सुरू होणारं. दादा म्हणाले आता हे दोन सापडले, तिसरं नाही हे मी छातीठोक सांगू शकत नाही, पाऊण तास माणूस आत होता, त्यामुळे फॉरमॅट मारायचाच, पण आधी डेटा. नेटची वायर न लावता सगळ्या फाइल वेगळ्या डिस्कवर घेतल्या, त्या स्कॅन केल्या. वंशावळीची फाइल उघडून त्यांनी बाबांना विचारलं, "काका, हे श्रीलिपीत केलंय का?" श्रीलिपी म्हणजे मराठी टायपिंगचा जुना फॉन्ट. बाबा हो म्हणाले. युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी वाचता येणारी आताची पद्धत, यायच्या आधीची सवय त्यांची, अजून तोच फॉन्ट वापरतात. नवीन विंडोजमध्ये तो फॉन्ट नसला की अख्ख्या सात पिढ्यांच्या जागी इंग्लिश अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. फाइल गेलेली नसते पण बाबांना तीच गेली असं वाटलं असतं. दादांनी फॉन्टच्या फाइल आधी बाजूला काढल्या, नवीन विंडोजमध्ये टाकल्या, फाइल उघडून आमच्या खापरपणजोबांचं नाव नीट दिसतंय का ते बाबांकडून वाचून घेतलं आणि मगच बिल केलं. आधीच्या ठिकाणी पंधराशेत फॉरमॅट मारला असता तर हे कुणी बघितलं असतं का मला माहीत नाही.

मशीन जुनी असल्याने विंडोज ११ चालत नाही, आणि १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवीन पीसी घ्या असं त्यांनी म्हटलं असतं तर मी घेतला असता. ते म्हणाले एक वर्षाची वाढीव सिक्युरिटी अपडेट मिळते, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून बॅकअप चालू केला की त्याचे पैसे लागत नाहीत, ती घेऊ, ऑक्टोबर २०२६ ला बघू. हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे जास्त वेगाने चालणारी डिस्क टाकली, आता मशीन अर्ध्या मिनिटात चालू होते, आधी चहा करून यायचो.

बिल: एसएसडी १,९५०, फॉरमॅट आणि डेटा ९००, आतली साफसफाई आणि प्रोसेसर थंड ठेवायची पेस्ट २००. एकूण ३,०५०, पक्कं बिल, प्रत्येक ओळ वेगळी लिहिलेली. मोबाइलचे काही घेतले नाहीत.

कमी काय आहे तेही लिहिते. जिना वाईट आहे, बाबांच्या गुडघ्याला त्रास झाला, ज्येष्ठ लोकांना न्यायचं तर आधी फोन करा, ती मुलगी खाली येऊन सीपीयू घेऊन जाते. पण फोन उचलतातच असं नाही, कामात असले की वाजत राहतो. एक दिवसात देतो म्हणाले आणि दोन दिवस लागले. खाली पार्किंगला जागा नाही. पाच पैकी मी पाचच देईन, कारण ह्यातलं काहीच त्या दुपारच्या एका तासापुढे टिकत नाही.

न्यू जर्सीला माझी मावशी असते, तिला २०१६ च्या आसपास तिथल्या टॅक्स ऑफिसच्या नावाने धमकीचे फोन यायचे, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाडी टाकल्या, तर तिथे बसलेली पोरं अमेरिकेतल्या लोकांना हेच फोन करत होती. तेव्हा मला ती बातमी लांबची वाटली होती, तिकडच्या म्हाताऱ्यांची. बाबांशी बोलणारा मुलगा कुठे बसला होता ते मला माहीत नाही. बाबा म्हणाले त्याच्या मागे अजून बऱ्याच जणांचे आवाज येत होते, सगळे सर सर म्हणत होते.

मागच्या शनिवारी बाबांच्या व्हॉट्सॲपवर एका पुतण्याच्या नंबरवरून आरटीओ चलानची फाइल आली, एपीके, म्हणजे उघडली की मोबाइलमध्ये ॲप टाकणारी. बाबांनी उघडली नाही. पुतण्याला साधा फोन लावला, त्याला पत्ताच नव्हता, त्याचा व्हॉट्सॲप दुसऱ्याच कुणाच्या हातात गेला होता. बाबा त्याला रिक्षात घालून दुकानात घेऊन गेले, आणि मला आईने सांगितलं की त्या पोराला आधी काय विचारायचं ते दादांच्याही आधी बाबांनीच विचारलं, पैसे गेलेत का, १९३० ला कळवलंस का.

दुकान सोमवारी बंद, दुपारी दीड ते चार बंद. सीपीयू न्यायचा असेल तर वायरी नेऊ नका, त्यांच्याकडे आहेत, पण जुना फॉन्ट वापरत असाल तर जाऊन आधी तेवढं सांगा. पत्ता हवा असेल त्यांनी मला मेसेज करा.